रुग्णवाहिका वाटेत आहे. तोवरची वीस मिनिटं तुमच्या हातात आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे तुमच्यासमोर एक दुचाकी पडली. मागे बसलेल्या बाईंची ओढणी चाकात गुंतली होती. त्या बेशुद्ध होत्या, गाडी चालवणाऱ्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं आणि तो ओरडत होता. जमलेल्यांनी बाईंना उठवून बसवलं, तोंडात पाणी ओतलं, एका कारच्या मागच्या सीटवर दुमडून झोपवलं आणि नेलं. तुम्ही नुसते बघत राहिलात, हे तुम्हाला आजही खातंय. काय करायला हवं होतं, काही केलं असतं आणि चुकलं असतं तर, आणि पोलिसांचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. त्यानंतर थोड्याच काळात मी रुजू झाले आणि बहुतेक वर्षं महामार्गावरच गेली. तेव्हा जे सांगते ते रस्त्यावर गुडघे टेकून शिकलेलं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. श्वास पूर्ण थांबला, तर मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात. मांडीतली मोठी धमनी तुटली, तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. आम्ही कितीही वेगाने आलो तरी घाटात चार मिनिटांत पोचत नाही. त्यामुळे ही पहिली मिनिटं तिथे उभ्या असलेल्या माणसांचीच असतात. आणि त्यात करायचं फार थोडं असतं: दुसरा अपघात होऊ द्यायचा नाही, हवा आत-बाहेर होत राहील हे बघायचं आणि रक्त आत राहील हे बघायचं.

दुसरा अपघात होऊ न देणं मी मुद्दाम पहिल्यांदा लिहिलं. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. ती विहीर शेणाच्या स्लरीसाठी, बायोगॅसचा खड्डा म्हणून वापरात होती. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. एकूण सहा जण उतरले, पाच गेले. वाचला तो कमरेला दोरी बांधून उतरलेला, कारण त्याला वर ओढता आलं. ती माणसं निष्काळजी नव्हती. आपल्या माणसासाठी जीव टाकणारी होती. पण आत विषारी वायू आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि धावत सुटलेल्या माणसाला थांबायला कुणी सांगत नाही. म्हणून मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते: पोचल्यावर पहिले दहा सेकंद हात मागे बांधून नुसतं बघा. विहीर, गटार, स्लरीचा खड्डा असेल तर उतरायचं नाही, अग्निशमन दलाला बोलवायचं. शेतात मोटारीपाशी कुणी चिकटलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा. गाडी विजेच्या खांबाला धडकून तार खाली आली असेल, तर लांब उभं राहून १९१२ वर वीज कंपनीला कळवायचं आणि लाइन बंद झाल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही.

तुमच्या घाटाच्या रस्त्यावर धोका मागून येणाऱ्या ट्रकचा. उतारावर ब्रेक तापलेला कंटेनर वळण घेऊन येतो आणि त्याला समोर पन्नास माणसांचा घोळका दिसतो. असे दुसरे अपघात मी पाहिले आहेत, आणि त्यात मदतीला थांबलेलेच सापडतात. त्यामुळे आपली गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. मग एका धडधाकट माणसाला मागे, वळणाच्या अलीकडे पाठवा. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून कापड हलवेल, रात्री मोबाइलचा टॉर्च. गाडीतला लाल त्रिकोण जवळ ठेवून उपयोग नाही, निदान पन्नास पावलं मागे हवा, घाटात त्याहून लांब. पडलेल्या दुचाकीची किल्ली बंद करा. पेट्रोल सांडलं असेल तर बिडी-सिगारेट पेटवणाऱ्याला हाताला धरून बाजूला करा. टँकर उलटला असेल तर बादल्या घेऊन आलेल्यांना हाकला आणि स्वतःही वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब जा.

आता फोन. गर्दीत प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणीतरी केला असेल. मी अशा ठिकाणी गेले आहे जिथे चाळीस माणसं उभी होती आणि पहिला फोन अठरा मिनिटांनी आला होता. म्हणून ‘कुणीतरी फोन करा’ असं म्हणू नका. ‘दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि लागला की मला सांगा,’ असं बोट दाखवून म्हणा. पोलीस हवे असतील तर ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो. पलीकडून विचारणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती जागेची. ‘खंबाटकी घाटात’ एवढ्यावर आमची गाडी चुकते, कारण जाणारा रस्ता वेगळा आणि येणारा वेगळा. ‘पुण्याकडून साताऱ्याकडे जाणारी बाजू, अमक्या किलोमीटरचा दगड, शेजारी अमुक ढाबा’ असं सांगा. किती जखमी, कुणी बेशुद्ध आहे का, कुणी गाडीत अडकलंय का, हेही सांगा. आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नका. फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला तर दोन्ही हात मोकळे राहतात.

इथवर एक मिनिट गेलं. आता जखमींकडे, आणि आधी ओरडणाऱ्याकडे नको. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, मेंदू जागा आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. तुमच्या प्रसंगात सगळे त्या तरुणाकडे धावले असणार, कारण रक्त दिसत होतं आणि आवाज येत होता. बाई शांत होत्या, म्हणून त्या बऱ्या वाटल्या असतील.

त्यांच्याजवळ गुडघे टेका, खांद्यावर थोपटा आणि मोठ्याने बोलवा, ‘ताई, ऐकू येतंय का? डोळे उघडा.’ मान हलवायची नाही. त्या चाकात गुंतलेल्या ओढणीचं आधी बघा. गळ्याभोवती फास बसला असेल तर सोडवत बसू नका, कापा. ओढणी आणि साडीचा पदर यांनी गळा आवळलेल्या बायका मी इतक्या पाहिल्यात, की दुचाकीवर मागे बसणाऱ्या अनोळखी बाईलाही मी थांबवून पदर खोचायला सांगते. मग छातीकडे बघत, कान तोंडाजवळ नेऊन दहा सेकंद श्वास पाहा. मासा पाण्याबाहेर काढल्यावर जसा तोंड उघडतो तशी मध्येच एखादी उचकी म्हणजे श्वास नव्हे. हे नीट लक्षात ठेवा, कारण ‘अजून श्वास आहे की’ असं म्हणून लोक याच उचक्यांपाशी थांबतात.

श्वास आहे पण घोरल्यासारखा किंवा गुळगुळ आवाज येतो, याचा अर्थ हवेची वाट अडली आहे. बेशुद्ध माणूस उताणा असला की जीभ सैल पडून घशात मागे जाते, वर रक्त किंवा उलटी असतेच. डोक्याच्या बाजूला बसा, दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या मागच्या कोपऱ्यांना, कानांच्या खाली लावा आणि खालचा जबडा पुढे उचला. डोकं मागे वाकवू नका, कारण अपघातात मानेचा मणका दुखावलेला असू शकतो. एवढ्यानेच घोरणं थांबलेलं मी कितीदा पाहिलं आहे. तोंडात दिसणारी माती, तुटलेला दात किंवा कवळी बोटाने बाहेर काढा, पण न दिसणाऱ्या घशात बोट घालू नका. उलटी यायला लागली किंवा तोंडात रक्त साचायला लागलं तर कुशीवर वळवा: एकाने डोकं आणि मान दोन्ही हातांत धरायची, दोघांनी खांदा आणि कंबर, एकाच मोजणीवर, लाकडाचा ओंडका फिरवावा तसं अख्खं अंग एकदम. मानेची भीती खरी आहे, पण उलटी फुप्फुसात गेली तर मान वाचवून उपयोग होत नाही. इथे हवा आधी, मान नंतर.

हेल्मेटबद्दल नेहमी विचारतात. जखमी नीट श्वास घेतोय, बोलतोय, तर काच वर करा, आणि हेल्मेट आमच्यासाठी राहू द्या. श्वास अडलाय, उलटी होतेय किंवा छाती दाबायची वेळ आली, तर काढावंच लागतं. पट्टा सोडा किंवा कापा, एकाने खालून हात घालून मान आणि जबडा घट्ट धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या दोन्ही बाजू जराशा फाकवून सावकाश वर ओढायचं. एकट्याने ओढू नका.

आता तो तरुण. मांडीतून झिरपतंय की उसळतंय, हे आधी बघा. पँट फाडा, कापडाखाली किती रक्त मुरलंय ते दिसत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि दोन लिटरपर्यंत गेलं की जीव धोक्यात येतो. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, गमछा, रुमाल, ओढणी, काहीही चालेल, आणि तळव्याने, वरून शरीराचा भार टाकून दाबा. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघू नका, कारण धरू लागलेली गुठळी तिथेच निघून येते. एका मुलाजवळ आम्ही पोचलो तेव्हा एक ऊसतोड कामगार दोन्ही हातांनी त्याची मांडी दाबून बसला होता. हात थरथरत होते, पण पंचवीस मिनिटं त्याने पकड सोडली नव्हती. तो मुलगा जगला. त्यावर मी वेगळं असं काहीच केलं नाही, नुसती पट्टी बांधली आणि सलाइन लावलं.

दाबूनही हाता-पायातून रक्त उसळतच असेल तर आवळपट्टी बांधायची. तीन बोटं रुंद पट्टा घ्या, सुतळी किंवा तार नको, ती मांसात रुतते. जखमेच्या चार बोटं वर, गुडघा किंवा कोपर सोडून बांधा. गाठीत काठी किंवा पेन घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. खूप दुखेल, जखमी ‘सोडा’ म्हणेल, सोडायची नाही. कपाळावर किंवा हातावर पेनाने वेळ लिहा. ती सोडणं आमचं किंवा दवाखान्याचं काम. पोटात, छातीत काही घुसलेलं असेल, काच, सळई, लाकूड, तर उपटू नका. तेच त्या जखमेचं बूच असतं. आजूबाजूने कापड लावून ते हलणार नाही असं धरा. कडबाकुट्टीत किंवा उसाच्या चरकात बोट तुटलं असेल, तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलेलं बोट गोठून खराब होतं.

जखमेत हळद, चहापावडर, चुना, माती, काहीही भरू नका. चहापावडर धुऊन काढण्यात ऑपरेशनच्या टेबलावर जाणारा वेळ फार जीवघेणा असतो, आणि खालची जखम दिसतच नाही. बेशुद्ध माणसाला कांदा, चप्पल हुंगवू नका. आणि पाणी. ‘मरणाऱ्याला पाणी नाकारू नये’ ही आपल्याकडची भावना मला समजते, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी पोटात जात नाही, फुप्फुसात जातं. शुद्धीवर असलेल्याचीही शस्त्रक्रिया लागू शकते, आणि भरल्या पोटी भूल देणं अवघड होतं. फार तहान म्हणाला तर ओल्या रुमालाने ओठ टिपा.

बाईंचा श्वास मुळीच नसता, तर छाती दाबायला लागायचं होतं. उताणं, कठीण जमिनीवर. छातीच्या मधोमध तळवा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेलं असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास, नसेल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण तोवर तुम्ही थकलेले असता आणि तुम्हाला कळत नाही. खरं सांगायचं तर मोठ्या अपघातात हृदय थांबलेल्यांपैकी फार थोडे परत येतात. पण हीच कला एखाद्या लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायऱ्यांवर अचानक कोसळलेल्या पन्नाशीच्या माणसासाठी फार मोलाची आहे. तिथे छाती दाबणारा लगेच मिळाला तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. बुडालेल्यांत आणि लहान मुलांत मात्र श्वास देणं टाळू नका, कारण त्यांचं हृदय मुळात हवेअभावी थांबलेलं असतं.

आता त्या कारच्या मागच्या सीटबद्दल, कारण यावरच तुमचं मन अडलंय. माझं मत सरधोपट ‘हलवूच नका’ असं नाही. आग लागली असेल, पाणी चढत असेल, रस्त्याच्या मधोमध असेल, किंवा पालथ्या पडलेल्या माणसाची छाती दाबायची असेल, तर हलवावंच लागतं. रुग्णवाहिका पाऊण तासावर आहे आणि दहा मिनिटांवर दवाखाना आहे, तर वाट बघत बसणंही चूक. पण न्यायचं असेल तर सपाट न्या. कारच्या सीटवर मान छातीला टेकते, श्वासाची वाट मुडपते, आणि कुणालाही कळत नाही. टेम्पोचा किंवा पिकअपचा पाटा त्यापेक्षा फार बरा. दार, फळी, ताडपत्री, जे मिळेल त्यावर घ्या, डोकं धरणारा माणूस शेवटपर्यंत सोबत बसवा. आणि निघण्याआधी १०८ ला सांगा, म्हणजे आम्ही वाटेत भेटू शकतो. त्या दिवशी रुग्णवाहिका वाटेत आहे असं तुम्हाला कळलं होतं, तेव्हा थांबून जबडा उचलून धरणं जास्त बरोबर ठरलं असतं. घाईत कुणाचा हेतू वाईट नव्हता, हेही खरं.

वाट बघताना जखमीला गार पडू देऊ नका. रक्त गेलेल्या माणसाचं अंग थंड पडलं की रक्त गोठत नाही, आणि पुन्हा वाहायला लागतं. उन्हाळ्यातही चादर, साडी, जे असेल ते अंगावर घाला आणि पाठीखालीही, कारण रस्त्याची फरशी किंवा ओली माती अंगातली ऊब ओढून घेते. त्याचं नाव विचारा, आपलं सांगा. ‘तुमच्या बायकोचं काय’ असं विचारलं तर खोटं बोलू नका. ‘त्यांच्याजवळ माणसं आहेत, मी तुमच्याजवळ आहे’ एवढं म्हणा. ते खरं असतं आणि पुरतं.

जीपमधून बाराजण पडले, असंही होतं. तेव्हा ‘ज्यांना चालता येतं त्यांनी त्या झाडाखाली या’ असं ओरडा. किरकोळ जखमी आपोआप बाजूला होतात. उरलेल्यांतल्या गप्प पडलेल्यांकडे आधी, मग भळभळणाऱ्यांकडे. एकावरच अडकू नका.

आम्ही पोचलो की बाजूला व्हा, पण जाऊ नका. मला तुमच्याकडून हवं असतं: किती वाजता झालं, तेव्हापासून शुद्ध कधी होती आणि आता कशी आहे, आधी बोलत होता आणि नंतर गप्प झाला का, पट्टी कधी बांधली, काही पाजलं का. ‘आधी बोलत होता, मग झोप येते म्हणाला’ एवढ्या वाक्यावरून मी डोक्यात रक्त साचल्याचा संशय घेते आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते ठरवते. शिवाय पाण्याबद्दल खरं सांगा, रागावणार नाही.

पोलिसांचं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ क म्हणून ते आलं आहे, ज्याला इंग्रजी अक्षरांत १३४ ए म्हणतात. सद्‍भावनेने, बक्षिसाची अपेक्षा न ठेवता मदत करताना चूक झाली आणि इजा किंवा मृत्यू झाला, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगणं बंधनकारक नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुमच्या इच्छेवर. दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही आणि तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. जखमीला आधी पोलिसी कागद आणा असं सांगून परत पाठवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरता उपचार मिळण्याची योजना लागू आहे. नातेवाइकांना हे सांगा. पैशाच्या भीतीने दवाखाना बदलत फिरण्यात वेळ जातो.

गाडीत ठेवा: दोन जोड हातमोजे, चार मोठे स्वच्छ कापडी तुकडे, रुंद पट्टा, बोथट टोकाची कात्री, टॉर्च, पेन, एक जुनी चादर. छाती दाबणं आणि जबडा उचलणं मात्र वाचून येत नाही, कुणाकडून तरी पुतळ्यावर दोन तास करून शिका. जिल्हा रुग्णालयात, रेड क्रॉसमध्ये किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

शेवटी, तुम्ही लिहिलंय की अजूनही रात्री तो आवाज ऐकू येतो. अपघात पाहिलेल्याला पहिले काही आठवडे असं होणं साधारण आहे, आम्हालाही होतं. कुणालातरी सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता सांगा. आणखी दोन आठवड्यांत उतरलं नाही, झोप मोडतच राहिली, गाडी चालवायला भीती वाटली, तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.